नॉर्थ श्रॉपशायर मतदारसंघ आणि तिथली निवडणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या ग्रामीण भागात राहणारे मराठी डॉक्टर, नर्स, अभियंते आणि विद्यार्थी आम्हाला जे प्रश्न सतत पाठवतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणासाठी नॉर्थ श्रॉपशायर घेतला आहे, कारण ब्रिटनमधला खेड्यापाड्यांचा मतदारसंघ कसा चालतो आणि कसा उलटतो, हे तिथे फार स्पष्ट दिसतं. प्रश्न १ ते ८ त्या मतदारसंघाबद्दल आहेत. पुढचे नियम ब्रिटनच्या पार्लमेंटच्या निवडणुकीचे आहेत आणि इंग्लंडमध्ये कुठेही राहत असलात तरी लागू पडतात.

१. नॉर्थ श्रॉपशायर नेमका कुठे आहे? मोठं शहर कोणतं?

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेला लागून. मोठं शहर एकही नाही. ऑस्वेस्ट्री, मार्केट ड्रेटन, व्हिटचर्च, एल्स्मिअर आणि वेम ही बाजाराची गावं, आणि मधे सगळी शेती, त्यातही दुभत्या गाईंची. हाडांच्या डॉक्टरांना ऑस्वेस्ट्री ओळखीचं असतं, कारण जवळच्या गोबोवेनला अस्थिरोगांचं जुनं नावाजलेलं रुग्णालय आहे. आपल्या इतिहासाशीही एक धागा जुळतो. १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर चालून आलेल्या इंग्रजांमधला रॉबर्ट क्लाइव्ह मार्केट ड्रेटनजवळच्या स्टाइश इथला. पुढे तो शेजारच्या श्रूजबरीचा खासदारही झाला.

२. खासदार निवडण्याची पद्धत आपल्या लोकसभेसारखीच आहे का?

गाभा तोच आहे: एक मतदारसंघ, एक खासदार, ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी. पन्नास टक्क्यांची अट नाही, दुसरी फेरी नाही. हाउस ऑफ कॉमन्समध्ये ६५० जागा आहेत. फरक मतदानाच्या रीतीत आहे. यंत्र नसतं, कागदी मतपत्रिकेवर पेन्सिलने फुली मारायची असते. ‘नोटा’ नाही. बोटाला शाईही लावत नाहीत. सार्वत्रिक निवडणूक सगळ्या देशात एकाच दिवशी होते आणि मोजणी बहुतेक ठिकाणी त्याच रात्री सुरू होते.

३. २०२१ मध्ये तिथे पोटनिवडणूक कशामुळे लागली?

हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे ओवेन पॅटरसन १९९७ पासून इथले खासदार होते. ज्या दोन कंपन्यांकडून ते मानधन घेत होते, त्यांच्यासाठीच त्यांनी सरकारी यंत्रणांकडे शब्द टाकल्याचा ठपका पार्लमेंटच्या चौकशीत आला. संबंधित समितीने कामकाजाच्या ३० दिवसांसाठी निलंबनाची शिफारस केली. ३ नोव्हेंबर २०२१ रोजी सरकारने ती शिफारस रोखून चौकशीची पद्धतच बदलण्याचा प्रस्ताव २५० विरुद्ध २३२ मतांनी मंजूर करून घेतला. इतका गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी सरकारने माघार घेतली आणि पॅटरसन यांनी खासदारकी सोडत असल्याचं जाहीर केलं.

निलंबन झालं असतं तर काय? कामकाजाचे १० किंवा अधिक दिवस निलंबन झालं की २०१५ च्या कायद्यानुसार मतदारसंघात खासदार परत बोलावण्याचा अर्ज उघडतो. सहा आठवड्यांत १० टक्के मतदारांनी सही केली की जागा रिकामी होते. म्हणजे ३० दिवसांचं निलंबन मंजूर झालं असतं तरी खासदारकीवर टांगती तलवार राहिलीच असती.

४. ब्रिटनमध्ये खासदाराला राजीनामा देता येत नाही म्हणतात. मग जागा रिकामी कशी होते? तारीख कोण ठरवतं?

थेट राजीनाम्याची सोय खरंच नाही. खासदार अर्थमंत्र्यांकडे एका नामधारी राजपदाची मागणी करतो. ‘चिल्टर्न हंड्रेड्स’ आणि ‘मॅनर ऑफ नॉर्थस्टेड’ अशी दोन पदं आळीपाळीने दिली जातात. ते पद स्वीकारलं की खासदारकी आपोआप जाते.

पोटनिवडणुकीच्या आदेशाचा प्रस्ताव ज्या पक्षाची जागा होती त्याचा प्रतोद मांडतो. तीन महिन्यांच्या आत मांडावा असा संकेत आहे, कायदा नाही. आदेश निघाल्यापासून कामाच्या २१ ते २७ दिवसांत मतदान घ्यावं लागतं. वार बहुतेक गुरुवारच. इथे १६ डिसेंबर २०२१ ठरला.

५. निकालाचे नेमके आकडे काय होते?

लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या हेलन मॉर्गन १७,९५७ मतं (४७.२ टक्के) घेऊन निवडून आल्या. हुजूर पक्षाचे नील शास्त्री-हर्स्ट यांना १२,०३२ मतं मिळाली, म्हणजे फरक ५,९२५ चा. मजूर पक्ष ३,६८६ वर थांबला. रिंगणात १४ जण होते, त्यातल्या ११ जणांची अनामत गेली. मतदान ४६.३ टक्के झालं. डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो आणि त्या आठवड्यात ओमायक्रॉनची लाट चढत होती, हे लक्षात घेतलं तर पोटनिवडणुकीसाठी ते कमी नव्हतं.

आधीच्या, २०१९ च्या निवडणुकीत पॅटरसन यांना ३५,४४४, मजूर पक्षाला १२,४९५ आणि याच मॉर्गनबाईंना ५,६४३ मतं होती. तेव्हा हुजूर पक्षाचं मताधिक्य २२,९४९ होतं.

६. दहा टक्क्यांवर असलेला तिसऱ्या क्रमांकाचा पक्ष दोन वर्षांत पहिला कसा आला? सगळे हुजूर मतदार फुटले का?

सगळे फुटले नाहीत, आणि हे आकडेच सांगतात. हुजूर पक्षाची मतं २३,४१२ नी घटली. लिबरल डेमोक्रॅटांची १२,३१४ नी वाढली. मजूर पक्षाची ८,८०९ नी घटली. एकूण मतदान अठरा हजारांहून अधिक कमी झालं. मतदान गुप्त असल्यामुळे कोण कुठे गेलं हे मोजता येत नाही, पण या चार आकड्यांचा मेळ एकाच पद्धतीने नीट बसतो: हुजूर पक्षाचे पुष्कळ मतदार घरी बसले, काही जण पलीकडे गेले आणि मजूर समर्थकांनी मोठ्या संख्येने जिंकू शकेल त्या विरोधकाला मत दिलं. मॉर्गन यांची १७,९५७ मतं पॅटरसन यांच्या २०१९ च्या मतांच्या जेमतेम निम्मी आहेत. विजयासाठी तेवढी पुरली.

विरोधकांपैकी जिंकू शकणारा कोण, हे मतदारांना कळणं ही अशा लढतीतली सगळ्यात अवघड गोष्ट असते. २०१९ मध्ये मजूर पक्ष दुसरा होता, त्यामुळे ‘आम्हीच पर्याय’ हा दावा कागदावर त्यांचा होता. पण इथल्या ग्रामीण मतदारांना मजूर पक्षापेक्षा लिबरल डेमोक्रॅट जवळचे वाटतात, हे ओळखून त्या पक्षाने देशभरातले कार्यकर्ते इथे आणले आणि दार न् दार ठोठावलं. मजूर पक्षाच्या नेतृत्वाने तेवढा जोर लावला नाही.

मुद्दे लंडनच्या बातम्यांपुरते नव्हते. दारात लोक बोलत होते ते रुग्णवाहिकेबद्दल. त्याच सुमारास ऑस्वेस्ट्री आणि मार्केट ड्रेटनची रुग्णवाहिका केंद्रं बंद झाली. मोठी रुग्णालयं श्रूजबरी आणि टेलफर्डला, रस्ते अरुंद, आणि तातडीच्या विभागाबाहेर रुग्णवाहिका रुग्ण उतरवून घेण्याची वाट पाहत उभ्या. त्या अडकल्या की पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या खेड्यात पडलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे पाठवायला गाडीच उरत नाही. दुसरा मुद्दा शेतीचा: जून २०२१ मध्ये तत्त्वतः ठरलेल्या ऑस्ट्रेलियाबरोबरच्या व्यापार करारामुळे स्वस्त मांस येईल ही धास्ती. त्यावर शेवटच्या दिवसांत पंतप्रधानांच्या कार्यालयातल्या टाळेबंदीतल्या पार्ट्यांच्या बातम्या आल्या.

२०१६ च्या सार्वमतात इथल्या साधारण ६० टक्के लोकांनी युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने मत दिलं असावं असा अंदाज आहे. तरीही संघात राहण्याच्या बाजूचा पक्ष जिंकला. एका प्रश्नावरचं मत कायमचं पक्षाला बांधलेलं नसतं.

७. ‘दोनशे वर्षांचा हुजूर बालेकिल्ला’ असं वाचलं. हे खरं आहे का?

बरंचसं खरं, पण शब्दशः नाही. या नावाचा मतदारसंघ १८३२ ते १८८५ होता आणि नंतर थेट १९८३ मध्ये पुन्हा आला. मधल्या काळात ऑस्वेस्ट्री नावाचा मतदारसंघ होता आणि तिथे १९०४ च्या पोटनिवडणुकीत लिबरल पक्षाचे ॲलन हेवूड ब्राइट जिंकले होते. १९०६ मध्ये ती जागा हुजूर पक्षाकडे परत गेली. शिवाय १९९७ मध्ये पॅटरसन पहिल्यांदा निवडून आले ते मजूर पक्षापेक्षा अवघ्या २,१९५ मतांनी पुढे राहून. ‘सुरक्षित जागा’ हे विशेषण पाहिलं की शेवटच्या चार-पाच निवडणुकांचे आकडे स्वतः तपासावेत.

८. नंतर जागा परत हुजूर पक्षाकडे गेली का?

नाही. जुलै २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मॉर्गन यांनी ती १५,३११ मतांच्या फरकाने राखली. मे २०२५ मध्ये श्रॉपशायर कौन्सिलही लिबरल डेमोक्रॅटांच्या बहुमतात आलं. २०२१ मध्ये हरलेले शास्त्री-हर्स्ट २०२४ मध्ये सॉलिहल वेस्ट अँड शर्ली इथून खासदार झाले.

९. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आणि वर्क व्हिसा आहे. मला पार्लमेंटसाठी मत देता येतं का?

हो. सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि उत्तर ऐकून सगळ्यात जास्त लोक चकित होतात तेही याच प्रश्नाचं. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे ब्रिटनमध्ये राहण्याची वैध परवानगी असलेल्या १८ वर्षांवरील भारतीय नागरिकाला पार्लमेंट आणि स्थानिक, दोन्ही निवडणुकांत मत आहे. कुशल कामगार, विद्यार्थी, जोडीदाराचा व्हिसा, कायम वास्तव्य, कोणताही प्रकार चालतो. किती वर्षं राहिलात याची अट नाही. नाव नोंदवल्याने व्हिसावर परिणाम होत नाही. ओसीआय कार्ड असलेले ब्रिटिश नागरिक अर्थातच ब्रिटिश म्हणून मत देतात.

सहा महिने नातवंडांकडे आलेल्या आईवडिलांना मात्र हे लागू होत नाही, कारण मतदाराचं तिथे वास्तव्य असावं लागतं.

१०. मी गोव्याचा, पण पासपोर्ट पोर्तुगीज. मलाही मत आहे ना?

पार्लमेंटसाठी नाही. इथे अनेकांची फसगत होते. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, आणि पोर्तुगाल राष्ट्रकुलात नाही. युरोपीय संघातल्या देशांपैकी आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसच्या नागरिकांनाच पार्लमेंटसाठी मत देता येतं. पोर्तुगालचा ब्रिटनशी स्वतंत्र करार असल्यामुळे स्थानिक निवडणुकीत मात्र तुम्हाला मत आहे. एकाच घरात नवऱ्याचा पासपोर्ट पोर्तुगीज आणि बायकोचा भारतीय असेल, तर खासदारासाठी मत फक्त बायकोला.

११. नाव कसं नोंदवायचं? कौन्सिल टॅक्स भरतो, तेवढं पुरत नाही का?

पुरत नाही. ती यादी वेगळी. सरकारी संकेतस्थळावर ‘रजिस्टर टू व्होट’ हा अर्ज भरायचा, पाच मिनिटांचं काम आहे. नाव, जन्मतारीख, पत्ता, नागरिकत्व आणि नॅशनल इन्शुरन्स क्रमांक लागतो. क्रमांक अजून आला नसेल तर तसं लिहून अर्ज करता येतो, मग कौन्सिल दुसरी कागदपत्रं मागतं. घरातल्या प्रत्येकाने स्वतःचा अर्ज करायचा. कुटुंबप्रमुखाने सगळ्यांची नावं घालण्याची पद्धत २०१४ पासून बंद आहे.

मुदत मतदानाच्या आधी कामाचे १२ दिवस, त्या रात्री बारापर्यंत. घर बदललं की पुन्हा नोंदणी करावी लागते, आणि दर सहा महिन्यांनी रुग्णालय बदलणाऱ्या डॉक्टरांचं नाव नेमकं इथेच गळतं. विद्यार्थ्यांना घर आणि विद्यापीठ अशा दोन पत्त्यांवर नोंदणी करता येते, पण सार्वत्रिक निवडणुकीत मत एकाच ठिकाणी द्यायचं. दोनदा देणं हा गुन्हा आहे. अर्जात ‘ओपन रजिस्टर’मधून नाव वगळण्याची खूण असते, ती केली तर तुमचा पत्ता विकत मिळणाऱ्या यादीत जात नाही. मताच्या हक्काला त्याने काही होत नाही.

१२. माझ्या पत्त्यात ऑस्वेस्ट्री लिहिलंय, पण शेजारी म्हणतात आपण वेल्समध्ये आहोत. मग मतदारसंघ कोणता?

शेजारी बरोबर असू शकतात. पत्त्यातलं गाव हे टपालखात्याच्या सोयीचं आहे, सीमेशी त्याचा संबंध नाही. ऑस्वेस्ट्रीचा टपालपत्ता असलेली लानरायडर-अम-मोखनांटसारखी गावं वेल्सच्या पॉविसमध्ये आहेत. लानअमनेख गावात तर सीमा गावातूनच जाते. कौन्सिल टॅक्सचं बिल कुठून येतं ते आधी पाहा, कारण नाव नोंदवायचं तेही त्याच कौन्सिलकडे. मग निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पूर्ण पोस्टकोड टाकून मतदारसंघ तपासा. २०२४ पासून सीमा बदलल्या आहेत, जुन्या नकाशावर विसंबू नका.

१३. मतदानाला कोणतं ओळखपत्र चालतं? पासपोर्टवर वडिलांचं नाव आहे, यादीत नाही.

मे २०२३ पासून इंग्लंडमध्ये केंद्रावर छायाचित्राचं ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो, कारण राष्ट्रकुलातले पासपोर्ट यादीत आहेत. ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स, ज्येष्ठांचा बसपास आणि अपंगांचा ब्लू बॅजही चालतो. मुदत संपलेली असली तरी फोटोवरून ओळख पटली की झालं. भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स, आधार कार्ड, रुग्णालयाचा बिल्ला किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. काहीच नसेल तर मोफत मतदार प्रमाणपत्र मिळतं. त्याचा अर्ज मतदानाआधी कामाच्या ६ दिवसांपर्यंत, संध्याकाळी पाचच्या आत.

नावाचा घोळ मराठी माणसांचा खास आहे. नियम असा की ओळखपत्र आणि यादीतलं नाव एकाच व्यक्तीचं आहे असं अधिकाऱ्याला पटावं. मधलं नाव एका जागी आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्याने सहसा अडत नाही. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर मात्र विवाहाचा दाखला सोबत न्या. उत्तम उपाय म्हणजे नोंदणी करतानाच नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहायचं.

१४. त्या दिवशी सकाळी सात ते रात्री नऊ ड्यूटी आहे. काय करू?

केंद्र सकाळी ७ ते रात्री १० उघडं असतं आणि दहाच्या ठोक्याला रांगेत उभे असाल तरी मत देता येतं. पण गाव दूर असेल तर त्यावर विसंबू नका. दोन मार्ग आहेत.

टपाली मत: अर्ज मतदानाआधी कामाच्या ११ दिवसांपर्यंत, संध्याकाळी पाचच्या आत. कारण द्यावं लागत नाही. पाकिटात मतपत्रिकेबरोबर एक निवेदन येतं. त्यावरची जन्मतारीख आणि सही अर्जातल्या नोंदीशी जुळवतात. जन्मतारखेच्या जागी आजची तारीख लिहिणं आणि सही करायला विसरणं, या दोन चुकांनी मतं बाद होतात. टपाल उशिरा आलं तर मतदानाच्या दिवशी आपल्याच मतदारसंघातल्या केंद्रावर रात्री दहापर्यंत पाकीट हातात देता येतं. तिथे एक फॉर्म भरावा लागतो, आणि स्वतःच्या पाकिटाखेरीज आणखी पाच जणांचीच पाकिटं देता येतात. कौन्सिलच्या टपालपेटीत टाकून गेलात तर मत नाकारलं जातं, कारण तो फॉर्म भरलेला नसतो.

प्रतिनिधीमार्फत मत: अर्ज कामाच्या ६ दिवस आधीपर्यंत, पाचच्या आत. प्रतिनिधी स्वतः मतदानास पात्र हवा आणि त्याने स्वतःचं ओळखपत्र न्यायचं, तुमचं नव्हे. अचानक आजारपण आलं, आयत्या वेळी कामावर बोलावणं आलं किंवा ओळखपत्र हरवलं, तर मतदानाच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत तातडीचा अर्ज करता येतो. ड्यूटी आठवडाभर आधी माहीत होती तर ही सवलत मिळत नाही.

१५. केंद्राबाहेर रंगीत फित लावलेली माणसं माझा क्रमांक विचारतात. सांगावा लागतो का?

अजिबात नाही. ते पक्षांचे स्वयंसेवक असतात. आपल्या समर्थकांपैकी कोण अजून आलेलं नाही हे कळावं, म्हणजे संध्याकाळी त्यांच्या दारी जाता येतं, यासाठी ते क्रमांक टिपतात. कोणाला मत दिलं हे ते विचारू शकत नाहीत. नम्रपणे नाही म्हणून आत जा. खेड्यात केंद्र गावच्या सभागृहात, चर्चमध्ये, कधी पबमध्येही असतं.

१६. कोणती मतं बाद होतात? दोघांना समान मतं पडली तर?

एकापेक्षा जास्त जणांपुढे खूण, मतदाराची ओळख पटेल असं काही लिहिलेलं, कोरी पत्रिका किंवा इच्छा स्पष्ट न होणारी खूण, ही मतं बाद. फुलीऐवजी बरोबरची खूण केली, पण कौल स्पष्ट आहे, तर मत धरतात. पेन्सिलचा विश्वास वाटत नसेल तर आपलं पेन वापरायला मुभा आहे.

आधी प्रत्येक पेटीतल्या पत्रिकांची संख्या केंद्राच्या नोंदीशी ताडतात, मगच उमेदवारवार मोजणी होते. फेरमोजणी उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी मागू शकतो. बरोबरी झालीच तर चिठ्ठी काढतात. स्कॉटलंडमधल्या नॉर्थ ईस्ट फाइफ या अशाच ग्रामीण जागेवर २०१७ मध्ये निकाल फक्त २ मतांनी लागला होता.

१७. मी स्वतः उभा राहू शकतो का?

वय १८ पूर्ण आणि भारतीय नागरिक असाल तर कायम वास्तव्याची परवानगी हवी. वर्क किंवा विद्यार्थी व्हिसावर मत देता येतं (प्रश्न ९), उभं राहता येत नाही. पोलीस, सैन्यातले लोक, न्यायाधीश आणि सनदी नोकर अपात्र आहेत. एनएचएसमधला साधा डॉक्टर किंवा नर्स त्यात येत नाही.

मतदारसंघातल्या १० नोंदणीकृत मतदारांच्या सह्या आणि ५०० पौंड अनामत लागते. मुदत मतदानाआधी कामाचे १९ दिवस, दुपारी चार वाजेपर्यंत. सह्या यादीतल्या नावाशी आणि क्रमांकाशी जुळल्या नाहीत तर अर्ज उडतो, म्हणून एक-दोन दिवस आधी निवडणूक कार्यालयात अनौपचारिक तपासणी करून घ्या. अनामत परत मिळायला ५ टक्क्यांहून जास्त मतं हवीत. २०२१ मध्ये ग्रीन पक्षाला १,७३८ मतं मिळूनही ती गेली.

१८. ग्रामीण जागेवर खर्चाची मर्यादा जास्त असते, हे खरं का?

हो. कायद्यात ‘काउंटी’ आणि ‘बरो’ असे मतदारसंघांचे दोन प्रकार आहेत, आणि नॉर्थ श्रॉपशायर पहिल्यात येतो. सार्वत्रिक निवडणुकीत अर्ज भरल्यानंतरच्या काळासाठी मूळ मर्यादा ११,३९० पौंड. त्यावर काउंटीत दर मतदारामागे १२ पेन्स, बरोत ८ पेन्स. ७५,००० मतदार धरले तर ग्रामीण उमेदवाराला २०,३९० आणि शहरी उमेदवाराला १७,३९० पौंड. विखुरलेल्या वाड्यांवर पत्रकं पोहोचवायला पेट्रोल आणि वेळ दोन्ही जास्त लागतात, त्यामुळे हा फरक रास्त आहे. पोटनिवडणुकीची मर्यादा वेगळी: २०२१ मध्ये एक लाख पौंड होती, नोव्हेंबर २०२३ पासून १,८०,०५० आहे.

१९. १६ व्या वर्षी मत मिळणार असं ऐकलं. आणि बँकेचं कार्ड ओळखपत्र म्हणून चालणार का?

जुलै २०२५ मध्ये सरकारने हे दोन्ही बदल करण्याचा इरादा जाहीर केला. घोषणा म्हणजे अंमल नव्हे. मतदानाला जाण्यापूर्वी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर त्या निवडणुकीची यादी पाहा, आणि शंका असेल तर पासपोर्ट न्या.

२०. मी मतदार नाही किंवा दुसऱ्या पक्षाला मत दिलं. व्हिसाच्या अडचणीसाठी खासदाराकडे जाऊ शकतो का?

जाऊ शकता. मतदारसंघात राहणारी प्रत्येक व्यक्ती खासदाराची जबाबदारी असते, मग पासपोर्ट कुठलाही असो. कोणाला मत दिलं हे विचारलं जात नाही. कार्यालयाला ईमेल करताना पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड लिहा, कारण बाहेरच्याचं काम दुसऱ्या खासदाराने घ्यायचं नाही असा संकेत आहे आणि पत्ता नसलेल्या पत्राला आधी तेवढीच विचारणा येते. गृहखात्याचा अर्ज क्रमांक, जन्मतारीख, अर्जाची तारीख आणि आजवरच्या उत्तरांच्या प्रती जोडा. खासदार निर्णय बदलून देऊ शकत नाही, पण अडकलेल्या अर्जाची चौकशी त्याच्या कार्यालयाने केली की उत्तर यायला मदत होते. नातेवाईकाचं काम असेल तर त्याचं लेखी संमतीपत्र सुरुवातीलाच जोडा, म्हणजे एक फेरी वाचते.